माउसच्या पोटात शेंगाचटणी

रविवारी दुपारी भांडी घासून झाली की आमच्या घरातलं एक काठाचं स्टीलचं ताट माझ्याकडे येतं. त्यात मी माउस उघडते. माउसचा स्क्रू जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. फरशीवर पडला तर कपाटाखाली गेला, चादरीवर पडला तर विणीत रुतून बसला. ताटात पडला की टण्णकन वाजतो आणि लगेच सापडतो.

गेल्या रविवारी एका माउसच्या पोटातून निघालेला ऐवज असा: मागावरच्या सुताचं चिमूटभर तूस, चाकाच्या फटीत शेंगाचटणीचे दोन कण, माझाच एक लांब केस आणि थोडं कुंकू. कुंकू खंडेनवमीचं. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत त्या दिवशी मागाला, मोटारीला, कात्रीला हळदकुंकू लागतं. मी चादरींची नक्षी काढते, माझं हत्यार माउस, म्हणून त्यालाही बोट लागतं. खाली चुलत्यांचे यंत्रमाग, वर माझी खोली. खालची धडधड जिन्यातून वर येते आणि तिच्याबरोबर तूसही येतं.

साधा वायरवाला माउस दोन-चारशे रुपयांत नवा मिळतो, त्यामुळे जुना फेकताना कुणाला फारसं वाईट वाटत नाही. मला वाटतं. मागावर उभी तार तुटली तर माग थांबवतात, गाठ मारतात आणि पुढं विणतात. लहानपणापासून हेच बघितलंय. एक तार तुटली किंवा एक पत्ती सैल झाली म्हणून आख्खी वस्तू कचऱ्यात जावी, हे मनाला पटत नाही. आणि माउस उघडायला लागल्यापासून एकेक अशी गंमत कळत गेली की आता कुणी ‘माउस गेला’ म्हटलं की मी हात पुढं करते.

पहिला माउस सुताराच्या हातचा वाटावा असा

जगातला पहिला माउस लाकडी होता. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी कल्पना मांडली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी ती घडवली. लाकडाची ठोकळ्यासारखी पेटी, वर एकच बटण आणि खाली धातूची दोन चाकं. ही चाकं एकमेकांशी काटकोनात बसवलेली. एक चाक फक्त आडवी हालचाल मोजायचं, दुसरं फक्त उभी. विणकरांच्या घरात हे समजावून सांगायला दोन शब्द पुरतात, ताणा आणि बाणा. उभे धागे किती, आडवे किती, एवढं कळलं की कापडावरचा कुठलाही ठिपका सापडतो. पहिल्या माउसलाही तेवढंच कळायचं.

पेटंट १९७० साली मिळालं. त्याच्या शीर्षकात ‘माउस’ हे नाव नाहीच. पडद्यावरची उभी-आडवी जागा दाखवणारं उपकरण, अशा अर्थाचं रुक्ष नाव आहे. वायर शेपटीसारखी दिसायची म्हणून प्रयोगशाळेत कुणीतरी माउस म्हटलं आणि ते चिकटलं. नेमकं कुणी म्हटलं, हे पुढं खुद्द एंगलबार्टनाही आठवत नव्हतं. पडद्यावरच्या बाणाला ते लोक ‘बग’, म्हणजे किडा म्हणत. हे नाव मात्र टिकलं नाही.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार लोकांसमोर एंगलबार्टनी दीड तास हा माउस चालवून दाखवला. त्याच्या दोनच महिने आधी जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीनं गोळी असलेला माउस जाहीर केला होता, ‘रोलकूगल’ नावाचा. दोन्ही शोध एकमेकांपासून स्वतंत्रपणे लागले. म्हणजे माउसला दोन माहेरं आहेत.

माउसची चुलत आजी आमच्या मागावर लटकते

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून इथं जरा थांबते.

सोलापुरी चादरीवरचा मोर, फुलं, वेलबुट्टी ही छापलेली नसते, विणलेली असते. मागावर जॅकार्ड बसवलेलं असतं आणि त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवी ओळ. जिथं भोक आहे तिथला धागा वर उचलला जातो, जिथं नाही तिथला खाली राहतो. मधून धोटा पळतो. पुढचा पुठ्ठा, पुढची ओळ. मोराचा तुरा म्हणजे खरं तर ‘भोक आहे’ आणि ‘भोक नाही’ यांची लांबलचक यादी.

हे यंत्र जोसेफ मारी जॅकार्ड यानं फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला आणलं. त्याचंच एक चित्र पुढं रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले. त्या विणलेल्या चित्राची एक प्रत इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजकडे होती. आपल्या गणनयंत्राला आकडे आणि हुकूम द्यायला हेच भोकांचे पुठ्ठे वापरायचं त्यानं ठरवलं. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन होलेरिथनं भोकांच्या पुठ्ठ्यांवर माणसं मोजली. त्याच्या कंपनीतून पुढं आयबीएम उभी राहिली आणि कॉम्प्युटरला कितीतरी वर्षं पुठ्ठ्यांनीच काम सांगितलं जात होतं.

म्हणून म्हणते, कॉम्प्युटर आमच्या पेठेत आला तेव्हा तो परका नव्हता. त्याच्या घराण्यातलं एक माणूस इथं आधीपासून चादरी विणत होतं.

आता पुठ्ठ्याआधीची नक्षी कॉम्प्युटरवर काढतात. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याचा छेद. नक्षी सुंदर दिसली म्हणजे काम झालं असं नसतं. एखादा धागा खूप लांबपर्यंत न बांधला जाता तरंगत राहिला, तर वापरताना तो बोटात, जोडव्यात अडकतो आणि ओढला जातो. म्हणून पडदा मोठा करून एकेक चौकोन क्लिक करत त्या धाग्याला मधे मधे बांधावं लागतं. मोराच्या एका डोळ्यापायी शेकडो क्लिक होतात. माउस असा झिजतो.

आधी उलटा करून बघा

माउस बिघडला की पहिलं काम पेचकस शोधण्याचं नाही. दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून बघा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला. मग उलटा करा.

खालचा दिवा लागत नसेल तर वीज आत पोचत नाही, म्हणजे बहुतेक वायर तुटलीय. दिवा लागतो पण बाण हलत नाही, तर भोकात तूस किंवा केस आहे, नाहीतर निरोप नेणारी तार तुटलीय. बाण चालतो पण एका क्लिकला दोनदा वाजतो, तर स्विच गेला. चाक वर फिरवलं की पान खाली पळतं, तर चाकाच्या बाजूला घाण आहे. घरगुती माउसच्या दहापैकी आठ-नऊ तक्रारी याच चार दारांतून येतात, हा माझा अनुभव.

दिवा दिसत नाही म्हणून घाबरू नका. काही माउसचा दिवा डोळ्यांना न दिसणारा असतो. मोबाइलचा कॅमेरा चालू करून त्यातून बघा, पुष्कळ मोबाइलांत तो फिकट जांभळा दिसतो. टीव्हीच्या रिमोटचंही तसंच. शेजारच्या अक्कांना हे दाखवलं तर त्या रिमोट घेऊन घरभर फिरल्या.

आणि भीती नको. वायरवाल्या माउसमध्ये फक्त ५ व्होल्टची वीज येते आणि तो काढून ठेवला की तीही नसते. झटका बसायचा प्रश्नच नाही. फक्त चार्जिंगच्या माउसमध्ये बॅटरी असते, तिला टोचायचं नाही, वाकवायचं नाही. ती फुगलेली दिसली तर माउस तसाच बंद करून ई-कचऱ्यात द्यायचा.

स्क्रू कुठंय?

माउस हातात घेऊन लोक म्हणतात, याला स्क्रूच नाही. असतो. तळाशी ज्या गुळगुळीत पट्ट्यांवर माउस घसरतो, त्यांच्याखाली लपलेला असतो. कधी कंपनीच्या स्टिकरखाली. स्टिकरवर अंगठा दाबत फिरवा, खड्डा लागला की तिथं स्क्रू. पट्टी उचलताना हेअर ड्रायरची गरम हवा लावली तर गोंद सैल होतो आणि पट्टी सुरकुतत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात तर अर्धा तास गच्चीच्या दाराशी ठेवला तरी काम होतं.

स्क्रू काढल्यावर झाकण लगेच ओढायचं नाही. पुढच्या बाजूला प्लास्टिकचे दोन आकडे असतात. मागून उचलून पुढं सरकवलं की सुटतं. ओढलं की आकडा मोडतो, आणि मग बटण कायम सैल.

प्रत्येक सेकंदाला दीड हजार फोटो

माउसच्या खालच्या भोकात कॅमेरा असतो, हे सांगितलं की पोरांचे डोळे मोठे होतात. खरंच असतो. आधीच्या साध्या माउसमध्ये गाजलेला एक सेन्सर सेकंदाला १५०० फोटो काढायचा. फोटो केवढा? उभे १८ ठिपके, आडवे १८, एकूण ३२४. एखाद्या बुट्टीच्या आलेखाएवढा. हा फोटो आणि मागचा फोटो ताडून बघायचा, नक्षी कुठं सरकली ते ओळखायचं आणि तेवढा बाण सरकवायचा. सेकंदाला दीड हजार वेळा.

दिवा तिरका मारलेला असतो, तोही मुद्दाम. तिरक्या उजेडात पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि सेन्सर त्या सावल्या वाचतो. संध्याकाळच्या उन्हात चादर तिरकी धरली की वीण कशी उठून दिसते, तसंच. म्हणूनच काचेवर माउस आंधळा होतो, काचेला सावली नाही. सोलापुरी चादरीच्या घट्ट विणीवर छान चालतो. टॉवेलवर मात्र अडखळतो. या सेन्सरला पृष्ठभाग भिंगाच्या बसकीपासून २.४ मिलिमीटरवर लागतो, जवळपास एवढंच अंतर. टॉवेलचे फासे मऊ, माउस त्यात कमी-जास्त रुततो आणि चित्र धूसर होतं.

आता या भोकात एक तूस अडकलं तर? ते प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतं. माउस हलतोय, पण फोटोचा तेवढा भाग हलत नाही. सेन्सर गोंधळतो, बाण थरथरतो किंवा जागच्या जागी उड्या मारतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘मेलेल्या’ माउसपैकी कितीतरी असेच असतात. फुंकर मारू नका, फुंकरीत थुंकी असते. मऊ ब्रश घ्या, नवा रंगाचा किंवा जुना काजळाचा, स्वच्छ धुऊन वाळवलेला. भिंगावर डाग असेल तर कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब. ते मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पाच मिनिटांचं काम, आणि पैसे जवळजवळ शून्य.

पेठेतल्या घरांत दर दोन-तीन महिन्यांनी हे करावंच लागतं. हवेत सूत असतं.

एकदा दाबलं, दोनदा वाजलं

आता माउसचा खरा दुखरा सांधा. एक क्लिक केला की फाइल उघडतेच, कारण कॉम्प्युटरला दोन क्लिक पोचले. एखादी गोष्ट ओढत न्यावी तर अर्ध्या वाटेत हातातून सुटते आणि भलत्याच ठिकाणी पडते. माझी एक संपूर्ण किनार अशी दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन बसली होती. दिवसभर शोधली.

बटणाखाली एक चौकोनी काळी डबी असते, मायक्रोस्विच. लांबी साधारण तेरा मिलिमीटर, खाली तीन पाय, वर छोटं टपोरं बोंडुक. तिचं झाकण नखानं हळूच उचललं तर आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पत्ती दिसते. पत्तीला कमान दिलेली असते. वरून दाबत गेलं की ती एका क्षणी ‘टक्’ करून पलटते आणि खालच्या टिकलीला टेकते. तो ‘क्लिक’ आवाज म्हणजे हीच पत्ती पलटल्याचा आवाज. लहानपणी बाटलीचं पत्र्याचं झाकण अंगठ्यानं टकटक वाजवायचो ना, तेच तत्त्व. या जातीचा स्विच अमेरिकेत १९३० च्या दशकात आला, म्हणजे माउसच्याही तीसेक वर्षं आधी.

पत्ती टेकताना प्रत्येक वेळी किंचित उसळते. निरोगी स्विचमध्ये ही उसळी काही हजारांश सेकंदांत शमते आणि माउसमधली चिप तेवढा वेळ कानाडोळा करते. पण लाखो वेळा दाबून पत्तीचा ताण कमी होतो, टिकलीवर काळपट थर चढतो, आणि उसळी लांबते. चिपला वाटतं, बोट उचललं आणि पुन्हा दाबलं. विंडोजमध्ये दोन क्लिकांमधलं अंतर साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत असलं की तो ‘डबल क्लिक’ धरला जातो. खराब पत्तीचे दोन ठोके तर त्याच्याही कितीतरी आत पडतात.

स्विचचं आयुष्य कंपन्या क्लिकांत सांगतात. स्वस्तातले दहा लाख ते पन्नास लाख, चांगले एक-दोन कोटी. माझ्यासारखं काम असेल तर हिशेब करून बघा. दिवसाला पाच हजार क्लिक धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस, तर पंधरा लाख. तीस लाखांचा स्विच दोन वर्षांत निवृत्त. यात कुणाची हयगय नाही, बोटांचं काम आहे ते.

उपाय तीन. पहिला फुकटचा आणि लगेचचा: विंडोजच्या सेटिंगमध्ये माउसचं मुख्य बटण उजवं करून टाका. माउस डावखुरा झाला, आणि ज्या स्विचला आजवर काम कमी होतं तो आता पुढं आला. चार दिवस बोटं चुकतात, मग वळण पडतं.

दुसरा उपाय नवा स्विच. काही रुपयांची वस्तू. त्यासाठी सोल्डरिंग यावं लागतं.

तिसरा माझा लाडका: अदलाबदल. उजव्या बटणाचा स्विच बहुतेक माउसमध्ये डाव्यासारखाच असतो आणि जवळजवळ कोरा असतो. दोन्ही काढायचे आणि जागा बदलायच्या. नवं काही विकत आणायचं नाही. लंगडणारा स्विच उजव्या बटणाखाली गेला की त्याच्यावर भार कमी पडतो आणि तोही वर्ष-दोन वर्षं काढतो.

सोल्डरिंग मी कसं शिकले तर कल्हईवाल्याकडे बघून. लहानपणी गल्लीत तो यायचा, भांड्याला डाग द्यायचा. आधी जागा स्वच्छ, मग तापवायची, मग धातू. उलटं केलं की डाग धरत नाही. इथंही तेच. स्विचच्या पायांवरच्या जुन्या डागाला आधी थोडा ताजा सोल्डर पाजायचा, म्हणजे जुना नीट वितळतो. मग शोषपंपानं ओढून घ्यायचा. तिन्ही पाय मोकळे झाले की स्विच आपणहून हलतो. हलत नसेल तर ओढायचा नाही, नाहीतर पाटीवरची तांब्याची चकती उचकटून येते आणि मग काम दुप्पट. नवा बसवताना पाय पूर्ण टेकलेत ना, हे बाजूनं बघायचं. तिरका बसला तर बटण एका बाजूला कडक लागतं. आणि खिडकी उघडी ठेवायची, राळेचा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही.

पहिल्यांदा केलं तेव्हा दीड तास लागला. खालून चुलते वर आले, म्हणाले, “काय उघडून बसलीस गं, घड्याळ का?” मी त्यांना पत्ती दाखवली. त्यांनी ती चिमटीत धरून उजेडात फिरवली आणि म्हणाले, “ताण गेलाय हिचा.” मागाच्या माणसाला एका नजरेत कळलं.

शेपटी आणि जर

वायर कुठं तुटते? जिथं ती माउसमध्ये शिरते तिथं, किंवा यूएसबी पिनच्या मानेशी. मधे क्वचित. कारण वाक त्या दोनच ठिकाणी पडतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आतली तार तुटलेली. माउस चालू ठेवून वायर मानेशी हलवा. दिवा लुकलुकला तर जागा सापडली.

आत चार तारा असतात. ठरलेले रंग लाल, काळा, हिरवा, पांढरा. लाल-काळ्यातून वीज, हिरव्या-पांढऱ्यातून निरोप. पण स्वस्त माउसमध्ये रंग पाळतातच असं नाही, म्हणून सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचाच.

वायर सोलली की चार तारांबरोबर बहुतेकदा दोरा निघतो. होय, साधा धागा, सुती किंवा नायलॉनचा. तांबं वाकून वाकून तुटतं, ओढ धाग्यानं सोसायची असते. जुन्या टेलिफोनच्या आणि हेडफोनच्या दोरीत तर याहून सुंदर गोष्ट दिसायची: धाग्याभोवती धातूची बारीक पट्टी गुंडाळलेली. आमच्याकडे अशा वस्तूला जर म्हणतात. साडीच्या पदरात जी जर आहे, तीच रचना लोकांचं बोलणं वाहून न्यायची. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ती तार आईच्या जुन्या काठाशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते.

दुरुस्ती सोपी आहे. तुटलेला तुकडा, दोन-अडीच इंच, कापून टाका. उरलेल्या वायरची चार टोकं सोला आणि आतल्या छोट्या पिनेला जोडा. सोल्डर केलं तर उत्तम. प्रत्येक जोडाला वेगळी आकसणारी नळी घाला, दोन उघड्या तारा एकमेकींना लागता कामा नयेत. कॉम्प्युटरला लावण्याआधी मल्टिमीटरची टोकं यूएसबी पिनच्या वीजवाल्या दोन पट्ट्यांना लावा. बीप वाजली तर कुठंतरी तारा भिडल्यात, लावू नका, परत उघडा. आणि आत शिरताना वायरला एक गाठ द्या, म्हणजे ओढ जोडावर न येता गाठीवर येते. गाठ मारणं तर आमच्या गल्लीत शिकवावं लागत नाही.

दुरुस्ती चालू असताना कॉम्प्युटर कसा चालवायचा?

डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक ही तीन बटणं एकदम दाबा. विंडोज विचारेल, हो म्हणा. आता कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे आणि ५ म्हणजे क्लिक. पुष्कळ वर्षं कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

चाक, चटणी आणि पत्ते

चाकाच्या बाजूला एक छोटा गोल भाग असतो, तो चाकाचे टप्पे मोजतो. त्यात तेलकट कण गेला की मोजणी चुकते आणि पान उलटं पळतं. आमच्याकडे दोषी ठरलेली असते, शेंगाचटणी. कडक भाकरी, चटणी आणि डावा हात ताटात, उजवा माउसवर, अशी दुपारची जेवणं होतात. शेंगदाण्याचं तेल आणि तूस एकत्र आलं की त्याचं किटण होतं. चाक उचलून बाहेर काढा, धुऊन वाळवा, आसाला अल्कोहोल लावा. माउसवर चाक लोकप्रिय झालं ते १९९६ च्या मायक्रोसॉफ्टच्या माउसपासून, त्याआधी लोक पडद्याच्या कडेची पट्टी धरून पान ओढायचे.

ओढण्यावरून आठवलं. विंडोजमधला पत्त्यांचा खेळ १९९० साली आला, त्यानं कितीतरी लोकांचं बोट माउसवर बसवलं. पत्ता धरा, ओढा, सोडा. खेळता खेळता ओढणं शिकून झालं. आपल्याकडे एमएससीआयटीच्या वर्गांत शिक्षक, शिपाई, गृहिणी माउस पहिल्यांदा हातात धरायचे, त्यांनाही पहिल्या दिवशी असंच काहीतरी दिलं जायचं. माझ्या मावशीनं पहिल्यांदा माउस धरला तो टेबलावरून उचलून, हवेत. तिला कुणी हसलं नाही, सरांनी तिचा हात हळूच खाली टेकवला. ती अजून सांगते.

बाण डावीकडे तिरका का, हेही सांगून टाकते. एंगलबार्टचा बाण सरळ वर बघायचा. पुढं झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ठिपके इतके जाड होते की सरळ बाण नीट उमटेना. एक बाजू उभी आणि दुसरी तिरकी केली, तेव्हा तो स्पष्ट दिसला. नक्षी काढणाऱ्याला हे ऐकून आपलंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. जाड सुतावर आम्हीही तेच करतो.

उंदीर कुठंय?

आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात येतात. तेलुगूत उंदराला एलुका, कन्नडमध्ये इली. पण कॉम्प्युटरचा तो सगळ्यांच्या तोंडी माउसच. फ्रेंच लोक मात्र त्याला सरळ आपल्या भाषेतला उंदीर म्हणतात, सुरी. स्पेनमध्ये रातोन. चिनी शब्दाचा अर्थ साधारण ‘उंदीरखूण’ असा होतो. माउस सरकण्याच्या सगळ्यात छोट्या मापाचं नाव मिकी आहे, मिकी माउसवरून. सुरुवातीला एक मिकी म्हणजे साधारण इंचाचा दोनशेवा भाग.

सेलवाल्या माउसचा एक उपाय राहिला. सेल आतच राहून फुटला की पत्तीवर पांढरी बुरशी दिसते. अल्कलाइन सेल असेल तर ती अल्कधर्मी असते, म्हणून कानकाडीला लिंबाचे दोन थेंब किंवा व्हिनेगर लावून पुसायची, मग अल्कोहोलनं, मग कोरडी. हाताला लागू द्यायची नाही. पाठीवरचं रबर चिकट झालं असेल तर तेही अल्कोहोलनं घासून पूर्ण काढून टाका, खालचं प्लास्टिक चांगलं निघतं.

गोळीवाला

परवा माळ्यावर एक जुना माउस सापडला, गोळीवाला. तळाची चकती फिरवली की गोळी हातात यायची. आत दोन बारीक रूळ, एक उभं मोजणारा, एक आडवं. पुन्हा ताणा आणि बाणा. आमच्या घरच्या माउसच्या रुळांवर तुसाची घट्ट गुंडाळी बसायची, अगदी कांडी भरावी तशी. आजी कांड्या भरायची. तिनं एकदा माझ्या हातातून तो माउस घेतला, नखानं टोक शोधलं आणि एका ओढीत आख्खी गुंडाळी सोडवून दिली. तिला कॉम्प्युटर चालू करता यायचा नाही, माउस मात्र तिनं दुरुस्त केला.

त्या काळी शाळांच्या कॉम्प्युटर खोलीतून गोळ्या गायब व्हायच्या, पोरं खिशात घालून न्यायची. ॲपलच्या १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरचा माउस घडवताना तर पहिल्या नमुन्यात काखेत लावायच्या रोल-ऑन डिओडरंटची गोळी आणि लोण्याची डबी वापरली होती.

माळ्यावरच्या माउसची वायर कुरतडलेली होती, बहुतेक खऱ्या उंदरानं. त्याचे दोन्ही स्विच मी काढून डबीत ठेवले आणि गोळी भाच्याला दिली. त्यानं ती रबराची समजून जमिनीवर आपटली. उसळली नाही, ठक्ककन वाजून घरंगळत जिन्याकडे गेली. वरून रबर, आत पोलाद.